प्रवेश मिळणेबाबत

एकतीस वर्षं मी साताऱ्यात दहावीच्या पोरांना मराठी शिकवलं. एवढ्या काळात फाटक्या छत्रीची किती आत्मवृत्तं माझ्या लाल पेनाखालून गेली याची गणती नाही. छत्री संपली की पडका वाडा, वाडा संपला की वठलेलं झाड, मग बंद पडलेलं घड्याळ. सगळ्यांची सुरुवात एकच. संध्याकाळची वेळ, लेखक फिरायला निघालेला आणि अचानक कानावर हुंदका. शेवटही एकच. एवढं बोलून छत्री गप्प झाली. मधल्या पानभरात छत्रीने आपलं बालपण, दुकानातले वैभवाचे दिवस, पहिला पाऊस आणि माणसाची कृतघ्नता सांगून घ्यायची. पोरं ते झकास सांगायची. दहापैकी आठ मार्क मी डोळे मिटून द्यायचो.

तेव्हा आमच्या पोरांना प्रथमपुरुषी एकवचनात लिहिता येत नाही असं कुणी म्हणू नये. फक्त तो प्रथमपुरुष छत्री पाहिजे. माणूस असला, त्यातून तो आपण स्वतः असलो, की पंचाईत होते. हे मला कळलं निवृत्तीनंतर, गेल्या डिसेंबरात, भाच्याच्या कृपेने.

भाचा सत्तावीस वर्षांचा, इंजिनीअर, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. हे सांगायची खरं तर गरज नव्हती. पुण्यातला भाचा म्हटल्यावर एवढं लोक धरूनच चालतात. आणि नेमकी हीच त्याची अडचण होती. त्याला अमेरिकेत जाऊन एमबीए करायचं होतं, जीमॅट नावाच्या परीक्षेत त्याने घसघशीत मार्क मिळवले होते, पण तिकडच्या बिझनेस स्कूलांपुढे भारतातून येणाऱ्या रांगेत इंजिनीअर, त्यातही सॉफ्टवेअरवाले, त्यातही मुलगे यांचीच भाऊगर्दी. मार्क सगळ्यांचेच घसघशीत. मग तांदळातून तांदूळ निवडायचा कसा? म्हणून निबंध.

आपल्याकडे हा त्रास नाही. अहमदाबादचं आयआयएम १९६१ सालचं. तिथे जायचं तर कॅट द्या, पर्सेंटाइल आणा आणि दशांशचिन्हाच्या उजवीकडे काय ते भांडा. पुढे मुलाखतीच्या वेळी थोडंफार लिहायला लावतात, पण 'बाळा, तू कोण आहेस?' असा प्रश्न लेखी विचारून पोराला कुणी अडचणीत आणत नाही.

"आता फक्त निबंध राहिलेत मामा," भाचा फोनवर म्हणाला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मुदत. 'निबंध' हा शब्द कानावर पडल्याबरोबर बहिणीने मला साताऱ्याहून कोथरूडला बोलावून घेतलं. आडगावात रात्री-अपरात्री ताप चढला की, माणसांचा नाही मिळाला तर गुरांचा का होईना, डॉक्टर आणतात ना, तसं.

विषय वाचून मी गार झालो. स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलचा प्रश्न वर्षानुवर्षं एकच आहे: तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं, आणि का? उत्तर ६५० शब्दांपर्यंत. जागा चारशेच्या थोड्या वर, आणि अर्ज करणाऱ्या शंभरांतले दहासुद्धा आत जात नाहीत. मला प्रश्न आवडला. मी तो रात्रीच्या जेवणाला पानांभोवती फिरवला.

"पेन्शन," दाजी म्हणाले.

"आणि का?"

"पेन्शनला 'का' नसतं."

बहीण म्हणाली, "हा तिकडे दोन वेळा नीट जेवला म्हणजे झालं. तेच महत्त्वाचं." दाजींच्या आई, म्हणजे भाच्याची आजी, वय ८६, बराच वेळ विचार करून म्हणाल्या, "सकाळी पोट साफ होणं." आणि मग कुणी न विचारता 'का' तेही सांगितलं, सविस्तर, पुराव्यानिशी, माधवबागेतल्या कुण्या एका भाऊंच्या उदाहरणासह. आजींचा मजकूर साडेसहाशे शब्दांत सहज बसला असता. त्या घरात प्रश्नाचं खरं उत्तर दिलं ते एकट्या आजींनी, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

भाच्याने मात्र उत्तर लिहिलेलं होतं. त्याला सगळ्यात महत्त्वाचं वाटत होतं 'तंत्रज्ञानाच्या माध्यमातून समाजात सकारात्मक बदल घडवणं'. मी विचारलं, "हे तुला कधीपासून वाटतं?" तो म्हणाला, "परवापासून."

दुसरा निबंध नेतृत्वाचा. हार्वर्डचं बिझनेस स्कूल १९०८चं. तिथे आधी ९०० शब्दांचा एकच ऐसपैस प्रश्न असायचा. २०२४ पासून त्यांनी त्याचे तीन तुकडे केले: धंद्याची दृष्टी ३०० शब्दांत, नेतृत्व २५० शब्दांत आणि वाढती जिज्ञासा २५० शब्दांत. भाच्याचं नेतृत्व मी वाचायला घेतलं. 'प्रकल्पाच्या अंमलबजावणीदरम्यान उद्भवलेल्या विसंगतीचे विविध घटकांशी समन्वय साधून यशस्वी निराकरण करण्यात आले.' इंग्रजीतच होतं, पण मला ते असंच ऐकू आलं. करण्यात आले! कुणाकडून? शासनाकडून?

मी दाजींकडे पाहिलं. दाजी जलसंपदा खात्याच्या आस्थापना शाखेतून निवृत्त झालेले (ते अजून पाटबंधारेच म्हणतात). पोराच्या रक्तात कर्मणी प्रयोग उतरला होता.

त्याने एक कन्सल्टंटही लावली होती. बाई बेंगळुरूहून व्हिडिओवर यायच्या, आणि तासाचे पैसे ऐकून मी एकतीस वर्षांच्या माझ्या पगाराचा मनातल्या मनात हिशेब मांडून पुन्हा पुसून टाकला. पण एक गोष्ट त्या नेमकी बोलल्या. "तुमच्या निबंधात 'वी' एकोणीस वेळा आहे आणि 'आय' दोन वेळा. त्या दोनपैकी एक 'आय वॉज इन्फॉर्म्ड' आहे."

भाचा खाली बघत होता. त्याचा तरी काय दोष? आपण पोरांना काय शिकवतो? स्वतःची टिमकी वाजवू नये. चारचौघांत 'मी केलं' म्हणू नये, 'देवाच्या दयेने झालं' म्हणावं. पहिला नंबर आला तरी शेजारणीला 'बरे पडले मार्क' एवढंच सांगावं. बावीस वर्षं हे पाजल्यावर एक दिवस अमेरिका म्हणते, सांग पाहू २५० शब्दांत, तू किती भारी आहेस! आणि वर अट अशी की बढाई वाटता कामा नये.

याला आपल्याकडे एकच जुना नमुना आहे: स्थळाचा परिचय. सुस्वभावी, मनमिळाऊ, निर्व्यसनी, एकत्र कुटुंबाची आवड. भाच्याचे सगळे निबंध मूळचे असेच होते. विशेषतः उणिवांचा. फ्रान्समध्ये फोंतेनब्लोला इन्सियाड नावाचं स्कूल आहे. ते तुमचे गुण आणि दोष दोन्ही मोकळेपणाने लिहा म्हणतात. भाच्याने दोष लिहिला होता की आपण कामात फारच बारकाईने लक्ष घालतो. मी म्हटलं, "हे म्हणजे मुलगा जरा जास्तच हुशार आहे, तेवढं सांभाळून घ्या, असं मध्यस्थ सांगतो तसं झालं." त्यावर बहीण चिडली. "मग काय लिहायचं? सकाळी उठत नाही म्हणून?" निवड समितीला खरं म्हणजे तेच वाचायला आवडलं असतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. ते तिथेच नामंजूर झालं.

दाजींना या सगळ्यात रस नव्हता. पण एमआयटीच्या स्लोन स्कूलला निबंध नको असून ३०० शब्दांचं एक औपचारिक पत्र हवं आहे, असं कळल्याबरोबर त्यांनी पेपर बाजूला ठेवला. पत्र! आयुष्यभर त्यांनी दुसरं केलं काय? दहा मिनिटांत फुलस्केपवर मसुदा तयार. 'विषय : एमबीए अभ्यासक्रमास प्रवेश मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंतीपूर्वक सादर करण्यात येते की,' आणि पुढे एकच वाक्य पानाच्या तळापर्यंत, क्रियापद तळाला, त्याखाली 'आपला विश्वासू'. त्याच स्कूलला आपण ऑफिसात कुणाच्या हाताखाली आहोत याचा तक्ताही लागतो. तो दाजींनी पट्टी लावून काढला, भाच्याच्या वर सहा साहेब दाखवले आणि एक पद रिक्त दाखवलं. रिक्त कशाला, असं विचारल्यावर म्हणाले, "एक तरी रिक्त असतंच."

ड्यूक विद्यापीठाच्या फुक्वा स्कूलने मागितलेली यादी आजींच्या वाट्याला आली. तुमच्याबद्दलच्या कुठल्याही २५ गोष्टी, क्रमांक घालून. आजी डोळे मिटून सांगत गेल्या आणि भाचा टाइप करत गेला: चार वर्षांचा होईपर्यंत माती खायचा, गणपतीच्या आरतीत झोपायचा, कारल्याची भाजी खिशात भरून खाली टाकून यायचा, आजोबा गेले तेव्हा रडला नाही, पण महिनाभर त्यांच्या चपला घालून घरात फिरत होता. इथे भाचा टायपिंग करता करता थांबला. चौथा मुद्दा त्याने ठेवला. माती खोडली.

शिफारसपत्रांबद्दल फार सांगत नाही. बऱ्याच स्कूलांचा त्यात एक ठरावीक प्रश्न असतो, की उमेदवाराला तुम्ही दिलेली सगळ्यात महत्त्वाची सूचना कोणती आणि त्याने ती कशी घेतली. भाच्याचे ऑफिसातले साहेब म्हणाले, "तू लिही, मी टाकतो." भाच्याने नकार दिला, कारण नियमात बसत नाही. त्यावर साहेबांनी तीन आठवडे काहीच केलं नाही, आणि मग एका रात्री स्वतः बसून इतकं चांगलं पत्र लिहिलं म्हणे की पुढे महिनाभर दोघांना एकमेकांशी बोलताना अवघडल्यासारखं होत होतं.

यंत्राचा, म्हणजे एआयचाही प्रयोग झाला. भाच्याने प्रश्न टाकला आणि अर्ध्या मिनिटात निबंध बाहेर. एक चूक नाही. वाचून मला माझा वर्ग आठवला. बाजारातलं गाईड पाठ करून आलेली चाळीस पोरं, सगळ्यांच्या निबंधात सूर्यनारायण एकाच वेळी, एकाच क्षितिजावर, त्याच लाल-केशरी रंगात मावळतीला चाललेले. मास्तरला गाईड ओळखू येतं, फक्त तो बोलत नाही. अमेरिकेतले मास्तर बोलतात. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए अँडरसन स्कूलने २०१२ साली निबंध उचललेले दिसले म्हणून पन्नासावर अर्ज बाहेर काढले. भाच्याने यंत्राचा निबंध बंद केला. "माझ्यापेक्षा तोच बरा माणूस वाटतो," म्हणाला.

दिवस चालले होते. ख्रिसमस आला आणि आम्ही अजून सकारात्मक बदलावरच. मी त्याला लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढून दिली. म्हटलं, बघ, शाळेत न गेलेली बाई स्वतःबद्दल कशी लिहिते. स्वतःची फजितीच आधी सांगते आणि म्हणूनच पुढचं सगळं आपल्याला पटतं. त्याने बाराशे पानांचा काहीतरी अंदाज घेतल्यासारखा चेहरा केला आणि पुस्तक उशाशी ठेवलं. त्यावर चष्मा ठेवायला बरं पडतं असं दुसऱ्या दिवशी दिसलं.

शेवटी एका रात्री गच्चीत उभे असताना मी विचारलं, "ती विसंगती काय होती रे?"

"कुठली?"

"जिचं निराकरण करण्यात आलं ती."

"काही नाही मामा. चूक होती. माझीच. ती काय सांगायची?"

मला एकदम माझी छत्री आठवली. म्हटलं, "तू नकोच सांगू. तिला सांगू दे. त्या फाइलीचं मनोगत लिही. दहावीत लिहायचास तसं. मराठीत."

तो हसला, पण जाऊन लिहायला बसला. पाऊण तासाने कागद हातात दिला. मी तो जपून ठेवलाय. 'मी एक एक्सेल फाइल. चाकणजवळच्या एका गोदामातल्या दोनशे चाळीस ड्रायव्हर आणि हमालांचे पगार माझ्या पोटात होते. दिवाळीच्या आधीचा शुक्रवार होता, माझ्या मालकाला घरी जायची घाई होती. त्याने मला उघडून पाहिलंच नाही. तिकडे अमेरिकन पद्धतीच्या प्रोग्रॅमने माझ्यातला एक नोव्हेंबर उलटा वाचला आणि अकरा जानेवारी केला. बँक म्हणाली, उलटून गेलेल्या तारखेला पगार देता येत नाही.' 

पुढे फाइलीने सगळं सांगितलं. सोमवारी सकाळी, धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी, गोदामातून फोन सुरू झाले. नोकरीला लागून मालकाला वर्षच झालेलं. साहेबांनी सांगितलं, एक मेल टाक, दोन-तीन दिवसांत होईल म्हणून कळव. मालक मेल टाकून गप्प बसला नाही. मोटरसायकल काढून चाकणला गेला, गेटपाशी यादी घेऊन उभा राहिला आणि येईल त्या माणसाला सांगत राहिला की चूक माझी आहे. कुणाला आजच्या आज पैसे लागणार आहेत ते लिहून घेतलं, तिथल्या अकाउंटवाल्याच्या मागे लागून तेवढ्यांना उचल मिळवून दिली. बाकीच्यांचा पगार बुधवारी झाला. संध्याकाळी एक ड्रायव्हर त्याला म्हणाला, "साहेब, पगार लटकला तर फोन येतो. सांगायला माणूस पहिल्यांदाच आला." आणि त्यानंतर मालकाच्या टीममध्ये एक नियम झाला: पगाराची फाइल सोडायच्या आधी तिच्यात पहिलं नाव स्वतःचं घालून बघायचं. 'एवढे बोलून,' खाली लिहिलं होतं, 'मी सेव्ह झाले.'

मी दहापैकी दहा दिले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

मग फक्त व्याकरण राहिलं. जिथे 'मालक' तिथे 'मी'. फाइल बाहेर पडली आणि आत भाचा उभा. कन्सल्टंट बाईंनी वाचून बराच वेळ काही म्हटलं नाही, मग त्या म्हणाल्या, "धिस इज इट." आणि लगेच, "पण चारशे शब्द झालेत. मर्यादा अडीचशे."

शब्द छाटणं हा माझा प्रांत, पण स्वतःच्या भाच्याचे शब्द छाटणं म्हणजे मांडीवर घेऊन जावळ काढण्यासारखं. 'मोटरसायकल' गेली, धनत्रयोदशी नुसती 'सण' झाली, अकाउंटवाला जागीच गारद. ड्रायव्हरच्या वाक्याला मी हात लावू दिला नाही. बहिणीचं म्हणणं होतं की चूक कापावी आणि बाकीचं ठेवावं.

मुदतीच्या रात्रीचं काय सांगावं. हार्वर्डची वेळ दुपारी बाराची, बॉस्टनची. जानेवारीत आपले रात्रीचे साडेदहा. साडेनऊला भाच्याने दुसऱ्या एका स्कूलचा 'तुमचंच स्कूल का?' हा निबंध शेवटचा वाचला आणि ओरडला. तिसऱ्या परिच्छेदात नाव तिसऱ्याच स्कूलचं राहिलं होतं. पत्रिकेवर वधूच्या जागी शेजारच्या कार्यालयातल्या वधूचं नाव छापून यावं तसं. ते दुरुस्त केलं. त्या परिच्छेदात तो म्हणत होता की तुमच्यासारखं स्कूल जगात दुसरं नाही, आणि हे त्याने सहा स्कूलांना मनापासून कळवलं होतं. सव्वादहाला वायफाय गेलं. आजी देवापुढे बसल्या, दाजींनी मीटरचा बोर्ड उघडला, भाच्याने फोनचा हॉटस्पॉट लावला. दहा वाजून सव्वीस मिनिटांनी अर्ज गेला. नेमकी कुणाची मात्रा लागू पडली यावर घरात अजून दोन मतं आहेत.

निकाल मार्चअखेरीपर्यंत आले. तीन ठिकाणी नकार. त्याला ही पोरं 'डिंग' म्हणतात, घंटा वाजल्यासारखं. एका ठिकाणी होकार, थोडी फी माफ. एका स्कूलने मुलाखतीला बोलावलं आणि वीस मिनिटं फक्त त्या गेटवरच्या संध्याकाळबद्दल विचारलं. आणि एका स्कूलने, भाच्याला सगळ्यात आवडलेल्या, प्रतीक्षायादीवर टाकलं. दरम्यान तुमच्याकडे काही नवीन घडलं असेल तर थोडक्यात पत्राने कळवावं, असं त्यात होतं.

भाचा मला म्हणाला, "मामा, याला काय लिहायचं?" मी तोंड उघडायच्या आत दाजींनी हात वर केला. ते उठले, आतून फुलस्केप आणि टाचणी घेऊन आले. प्रतीक्षायादी! पस्तीस वर्षांच्या नोकरीत या एका विषयात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. त्यांनी वरच्या उजव्या कोपऱ्यात दोन रेघा ओढून लिहिलं, 'स्मरणपत्र क्रमांक १'. त्याखाली 'संदर्भ : आमचा जानेवारी महिन्यातील अर्ज', त्याखाली 'विषय : प्रतीक्षायादीतील नाव अंतिम यादीत समाविष्ट होणेबाबत'. आणि सगळ्यात खाली, आधीच, विसरायला नको म्हणून, 'प्रत माहितीस्तव सविनय सादर : मा. कुलगुरू'.

"बाबा," भाचा म्हणाला, "तिकडे कुलगुरू म्हणत नाहीत. प्रेसिडेंट म्हणतात."

दाजींनी चष्मा सारखा केला, 'कुलगुरू'वर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'मा. राष्ट्रपती'.